वीसपैकी सात

मधुमतीबाई घारपुऱ्यांचं लखनौशी कधी पटलं नाही, आणि त्याचं कारण एकच होतं. या शहरात कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. काम होणार असो वा नसो, समोरचा 'हो जाएगा' म्हणतो, पान पुढे करतो आणि तुम्ही जिना उतरेपर्यंत सगळं विसरून जातो. मधुमतीबाई पडल्या साताऱ्याच्या. 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेवर कायम तयार असे आणि तो उच्चारताना त्यांना कसलाही त्रास होत नसे.

एकाहत्तर साली नरहररावांची रेल्वेच्या संशोधन कार्यालयात नेमणूक झाली आणि नवराबायको लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरले. दोन वर्षांत पुण्याकडे बदली मागायची असं गाडीतच ठरलं होतं. त्या दोन वर्षांची सव्वीस झाली. मधल्या काळात मधुमतीबाईंना इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली, सानिका झाली, मोठी झाली आणि आईच्या मराठीला हिंदीतून उत्तरं द्यायला लागली. बाईंची स्वतःची हिंदी मात्र साताऱ्याच्या वळणाचीच राहिली. पोरं मागे नक्कल करत, पण वर्गात चूं करत नसत.

या बाईंचा सगळा अभिमान एका गोष्टीत साठलेला होता. बावीस वर्षं त्या विद्यापीठाचे एम.ए.चे पेपर तपासत होत्या आणि या बावीस वर्षांत कुणाच्या शब्दावर त्यांनी अर्धा गुण इकडचा तिकडे केला नव्हता. जून महिन्यात दारात मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी येऊन पडली, की त्या रिक्षावाल्याला तिथूनच परत पिटाळत आणि वर जाण्यायेण्याचं भाडंही पदरचं देत. नरहरराव खिडकीतून त्या पेटीकडे बघत राहात. "अगं, निदान कुणी पाठवली ते तरी विचारायचं," ते एकदा म्हणाले. "विचारलं तर नाव कळेल, आणि नाव कळलं तर लक्षात राहील," बाईंनी उत्तर दिलं. नरहररावांनी त्यानंतर आंबे बाजारातूनच आणले.

त्यांचा विषय आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र. त्यातला एक प्रश्न त्यांच्या फार जिव्हाळ्याचा. एखादा लहानसा देश आहे, दारं सताड उघडी टाकून जगाशी व्यापार करतो आहे. मालाचे भाव तो ठरवत नाही, जग ठरवतं. त्याने फक्त घ्यायचं नि विकायचं. अशा देशाने आपल्या चलनाचं काय करावं? डॉलरसारख्या एखाद्या मोठ्या चलनाला ते ठरलेल्या भावाने बांधून टाकावं, की बाजारात मोकळं सोडावं आणि रोज जो भाव येईल तो मुकाट्याने घ्यावा? दोन्ही बाजूंनी थोर लोक भांडलेले आहेत. बाईंचा कौल बांधण्याकडे. एक्क्याण्णवच्या जुलैत आपल्या सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपया उतरवला, तेव्हा कुणी गेल्यासारख्या त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. भाव म्हणजे दिलेला शब्द, आणि शब्द एकदा दिला की दिला, असं त्यांचं सरळ मत होतं. वर्गात त्या थायलंडचं उदाहरण देत. चिमुकला देश, तेरा वर्षं झाली, त्यांचा बाट डॉलरला पंचविसाच्या आसपास जो बांधलाय तो हललेला नाही, आणि बघा कशी बरकत आहे.

सत्त्याण्णवच्या बॅचला या बरकतीला नाट लावणारा एक मुलगा निघाला. गजेंद्र वर्मा. शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावाहून टेम्पोने यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि लायब्ररीत महिनाभर उशिरा येणारी मासिकं अगदी जाहिरातींसकट वाचायचा. त्या दिवशी तो उभा राहिला.

"मैडम, भाव बाँधना तो आसान है. निभाना मुश्किल है. मलिहाबाद में मेरे मामा का बाग हर साल बौर पर बिकता है. पेड़ पर अभी फूल होते हैं और ठेकेदार दाम तय कर जाता है. दो साल पहले मई में आँधी आई, आधा फल जमीन पर. ठेकेदार गायब."

"तो ठेकेदार बेईमान हुआ. भाव का क्या दोष?"

"मैडम, उसने भी उधार लेकर ही सौदा किया था. पास में कुछ था ही नहीं. ईमान कहाँ से लाता?" वर्ग हसला, पण तो हसला नाही. "थाईलैंड ने भी बाहर से बहुत उधार उठा रखा है. जिस दिन देने वाले अपना पैसा वापस माँगेंगे, उस दिन पच्चीस का भाव कौन निभाएगा?"

बाईंनी त्याला बसवलं, पुस्तकातली चार नावं त्याच्या अंगावर टाकली आणि तास संपवला. पण घरी जाताना त्या खुशीत होत्या. बावीस वर्षांत असा खडा टाकणारा पोरगा भेटला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःची दोन पुस्तकं त्याला दिली. वर्गात मात्र त्याच्याशी पहिल्यापेक्षा कडक वागू लागल्या, कारण मुलगा आवडला आहे हे कुणाला दिसता कामा नये. लोकांचं असतं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंचं उलट. ज्याला आपला मानलं त्याच्याच वाट्याला कार्ट्याची वागणूक.

गजेंद्रला प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात; चोपन्न पूर्णांक नऊ असले तर फॉर्मसुद्धा घेत नाहीत. पहिल्या वर्षी आजारी पडल्यामुळे त्याचे गुण कमी आलेले होते आणि दुसऱ्या वर्षी सगळी भर काढायची होती. हे त्याने बाईंना एकदा सांगितलं होतं, आणि बाईंनी "पढ़ो" एवढंच म्हटलं होतं.

परीक्षा झाल्या. जूनमध्ये विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये तपासणी सुरू झाली. कूलर नुसतेच घरघरत होते. मुख्य परीक्षक डॉ. आत्माराम शुक्ल म्हणजे लखनौचा मूर्तिमंत गोडवा; रागावतानाही समोरच्याला आधी सरबत विचारायचे. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कसं हवं ते ठरवलं. तिसरा प्रश्न नेमका तोच: लहान खुल्या अर्थव्यवस्थेने कोणती विनिमय पद्धत निवडावी, उदाहरणासह लिहा. गुण वीस. ठरलं असं की 'बांधलेला भाव' लिहिणाऱ्याला चौदापर्यंत द्यावेत; 'मोकळा भाव' लिहिणाऱ्याला, विषय समजलेला दिसला तरी, सातच्या वर देऊ नयेत. उदाहरण थायलंड. हे उदाहरण बाईंनीच सुचवलं होतं.

आता नियम झाला तरी नियमाला थोडी पळवाट असते. वेगळं लिहिणारा खरोखर हुशार दिसला तर बाई त्याला ठरल्यापेक्षा चार-पाच गुण जास्त देत, बाजूला 'तर्क उत्तम' असा शेरा लिहीत आणि शुक्लसाहेब त्यावर सही करून टाकत. आदल्याच दिवशी त्यांनी एका अनोळखी, अक्षरावरून मुलीच्या वाटणाऱ्या उत्तरपत्रिकेत मोकळ्या भावासाठी अकरा दिले होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक उत्तरपत्रिका उघडली आणि बाई थबकल्या. नंबरावर चिकटपट्टी होती, पण अक्षरावर नव्हती. डोक्यावरची रेघ न ओढता लिहिलेली ती उभी हिंदी त्या अंधारातही ओळखत्या. तिसरा प्रश्न त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. पोराने लिहिलं होतं की देश फक्त मालासाठी दार उघडतो तोवर भाव बांधलेला बरा. पण तेच दार उधारीच्या पैशालाही उघडलं, तर भाव बांधायचा आणि व्याजदरही स्वतःच ठरवायचा ही चैन त्याला परवडत नाही, एक काहीतरी सोडावं लागतं. थायलंडने हे तिन्ही धरून ठेवलं आहे, आणि हे टिकणार नाही. मग त्याने बागेच्या सौद्याचं उदाहरण दिलं होतं. बाईंच्या मते त्या वर्षीच्या सगळ्या गठ्ठ्यात इतकं चांगलं उत्तर दुसरं नव्हतं.

त्यांनी बारा लिहिले.

आणि मग त्यांच्या मनात आलं: हे बारा उत्तराला दिले की गजेंद्रला? अक्षर ओळखलं नसतं तर दिले असते का? दिले असते, त्यांचं मन म्हणालं. मन तर तसं म्हणणारच, त्यांनी मनाला उत्तर दिलं. पाच मिनिटं त्या पेन हातात धरून बसल्या. शेवटी त्यांनी बारा खोडले, सात लिहिले, बाजूला नियमाप्रमाणे सही केली आणि पान उलटलं. घरी जाताना त्यांना अगदी हलकं हलकं वाटत होतं. मोहातून सुटलो असं त्यांना वाटलं. तपासणीबद्दल घरी बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे नरहररावांना त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी स्वतःहून शिरा केला.

तीन जुलैच्या सकाळी नरहरराव पेपर वाचत होते. "मधू, तुझा थायलंड सुटला की गं," ते म्हणाले.

"सुटला म्हणजे?"

"बाट मोकळा सोडला म्हणे काल. एका दिवसात पंचविसाचा अठ्ठावीस-एकोणतीसवर गेला. तेरा वर्षं धरून ठेवला होता ना?"

बाईंनी त्यांच्या हातातून पेपर घेतला. बातमी आतल्या पानावर होती, दोन बोटं उंचीची. ती त्यांनी उभ्याउभ्या तीनदा वाचली. सानिका म्हणाली, "आई, क्या हुआ? अपना तो वहाँ कोई रहता भी नहीं." आपलं तिथे कोण आहे हे बाई तिला सांगू शकत नव्हत्या.

दहा वाजता त्या शुक्लसाहेबांच्या खोलीत होत्या. त्यांनी पेपर पुढे ठेवला. "सर, तीसरे सवाल का हमारा तय उत्तर गलत निकला. जिन्होंने उल्टा लिखा, वे सही निकले. अंक फिर से देखने चाहिए."

शुक्लसाहेबांनी आधी सरबत मागवलं. मग चष्मा लावून बातमी वाचली आणि मनापासून हळहळले. "मैडम, बात आपकी सोलह आने सच है. मगर अंकपत्र तो परसों सील होकर चले गए. और फिर देखिए, जिस दिन कॉपी जँची, उस दिन भाव पच्चीस का ही था. उस दिन के हिसाब से तो हम लोग सही थे."

चूक कालपर्यंत बरोबर होती आणि आज ती सुधारायला हरकत नव्हती, फक्त परवाच दप्तर बंद झालं होतं. बाईंनी सरबत न पिता नमस्कार केला. वरातीमागून घोडं नाचवून उपयोग नसतो हे त्या स्वतः वर्गात शंभरदा म्हणालेल्या होत्या.

तरी निकाल लागेपर्यंत त्यांना आशा होती. बाकीच्या पेपरांत त्याला भरपूर पडतील, पंचावन्नच काय सत्तावन्न होतील, आपले पाच गुण कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. त्या देवाला फारशा विचारत नसत. त्या महिन्यात मात्र अलीगंजच्या हनुमानाला दोनदा जाऊन आल्या.

निकाल जुलैच्या शेवटी लागला. दुसऱ्याच दिवशी गजेंद्र गुणपत्रिका घेऊन आला. हजारपैकी पाचशे सत्तेचाळीस. पंचावन्न टक्क्यांना तीन कमी.

"मैडम, बाकी सब ठीक है," तो म्हणाला. "आपके विषय में उम्मीद से कम आए. समझ में नहीं आता कहाँ गलती हुई. आप बताएँ तो…" बाईंनी गुणपत्रिका हातात घेतली आणि खूप वेळ बघितली. पाचशे सत्तेचाळीस अधिक पाच, ही बेरीज त्यांच्या डोक्यात आपोआप झाली होती आणि आता काही केल्या पुसली जात नव्हती. सुधार परीक्षा? ती फक्त पहिल्या वर्षाला होती, आणि तिची मुदत कधीच उलटली होती. फेरतपासणी? विद्यापीठाच्या नियमात नुसती बेरीज पुन्हा तपासून मिळे, उत्तर नाही. बेरीज बरोबरच होती. बेरजेत बाई कधी चुकत नसत.

त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. सगळं खरं लिहिलं. अक्षर ओळखलं, आधी बारा दिले, पक्षपात नको म्हणून खोडून सात केले, अनोळखी मुलीला अशाच उत्तराला अकरा दिले होते. सबब चूक माझी आहे, शिक्षा मला करावी, गुण मुलाला द्यावेत. त्यात त्यांनी स्वतःला कुठेही सोडलं नाही.

शुक्लसाहेबांनी तो अर्ज वाचला तेव्हा त्यांना सरबताचीही आठवण राहिली नाही. त्यांनी उठून दार लोटलं.

"मैडम, यह कागज आप घर ले जाइए."

"क्यों? जो हुआ वही लिखा है."

"इसीलिए. आप लिख रही हैं कि आपने लड़के की लिखावट पहचान ली. आगे यह कागज जिसके हाथ में जाएगा, वह यह नहीं देखेगा कि आपने अंक काटे. वह देखेगा कि परीक्षक और परीक्षार्थी की पहचान थी. सबसे पहले लड़के का पर्चा रद्द होगा, फिर जाँच बैठेगी. दो साल चलेगी." त्यांच्या आवाजातला गोडवा गेला. "अभी उसके पास चौवन प्रतिशत की एम.ए. तो है. वह भी छीन लेंगी आप?"

मधुमतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. खोटं बोलून त्या कुणाचं काही बिघडवतील ही भीती त्यांना कधीच नव्हती. खरं बोलून बिघडेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हात दगडाखाली अडकला होता, आणि दगड त्यांनीच आणून ठेवलेला होता. जिना उतरताना त्यांना रडू आलं. व्हरांड्यात पोरं होती म्हणून त्यांनी ते गिळलं.

त्या संध्याकाळी बावीस वर्षांचा नियम मोडून त्यांनी नरहररावांना सगळं सांगितलं. नरहरराव साधा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. "अगं, पण तू तर प्रामाणिकपणेच केलंस ना?" ते म्हणाले.

"प्रामाणिकपणे नाही केलं हो," बाई म्हणाल्या. "प्रामाणिक दिसावं म्हणून केलं. बघणारं कुणी नव्हतं, मला माझ्याच डोळ्यांना दिसायचं होतं. त्या पोरीला अकरा देताना मी दोनदा विचार केला नाही. यालाच का सात?"

नरहररावांनी चहा करून आणला. तो निवून गेला.

थायलंडच्या मागोमाग त्या पावसाळ्यात आणखी दोन-तीन देशांचे बांधलेले भाव सुटले. स्टाफरूममध्ये आता सगळेच 'हम तो पहले से कहते थे' म्हणायला लागले. शुक्लसाहेबांनी एका परिसंवादात लहान देशांनी भाव बांधण्याचे धोके यावर छान भाषण केलं, टाळ्या घेतल्या. बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. त्यांना राग यायला हवा होता, पण रागावायलाही एक अधिकार लागतो आणि तो आपल्याकडे उरलेला नाही असं त्यांना वाटलं. हजार कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या देशाच्या नाही, बख्शी का तालाबच्या एका मुलाच्या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती.

सप्टेंबरात तो आला. हातात बाईंची दोन्ही पुस्तकं, तपकिरी कागदाची नवी कव्हरं घातलेली. बाईंनी त्याला बसवलं, सानिकाने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

"मैडम, बख्शी का तालाब में ही एक प्राइवेट स्कूल है. पाँचवीं को गणित पढ़ाने का काम मिल गया है. सोमवार से."

"और लेक्चररशिप?"

"फॉर्म ही नहीं लेते, मैडम." तो हसला. "बच्चे अच्छे हैं वहाँ के."

बाईंना वाटलं, आता तरी बोलावं. गुप्ततेचा नियम, विद्यापीठ, शुक्ल, सगळं गेलं खड्ड्यात. निदान या मुलाने स्वतःच्या डोक्याला दोष देत उरलेला जन्म काढू नये. त्या खुर्चीतून उठल्याच.

"गजेंद्र, तीसरे सवाल का तुम्हारा उत्तर गलत नहीं था. वह कॉपी मैंने जाँची थी. सात मैंने दिए."

"मालूम है, मैडम," तो म्हणाला.

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या.

"पर्चा हाथ में आया तब सोचा था कि फिक्स भाव ही लिख दूँ. सब वही लिख रहे थे, और अंक भी उसी के मिलने थे. वह उत्तर तो मुझे जबानी याद था, आप ही का पढ़ाया हुआ. फिर खयाल आया कि इस विषय की कॉपियाँ तो हर साल आपके पास जाती हैं. आप मेरी लिखावट पहचान लेंगी और पूरा पढ़ेंगी." तो अगदी सरळ बोलत होता, त्यात तक्रार नव्हती. "किसी और के पास जानी होती तो मैं भी फिक्स ही लिखता."

एरवी कुणालाही बिनदिक्कत 'नाही' म्हणणारी बाईंची जीभ टाळूला चिकटून बसली. गजेंद्रने पुस्तकं टेबलावर ठेवली, "चलता हूँ, मैडम" म्हणाला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घ्यायला हवे होते. त्यांना तेही जमलं नाही.